पायरी हालती

गेल्या वर्षी आषाढातल्या एका पहाटे मी अंथरुणात कूस बदलली आणि माझी खोली फिरू लागली. भिंतीवरचे घड्याळ, खिडकीची चौकट, कोपऱ्यातले कपाट, ज्यांच्या स्थावरपणाविषयी मी आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती अशा त्या साऱ्या वस्तू रहाटपाळण्यावर बसवल्याप्रमाणे एकाच दिशेने वाहत चालल्या. आणि अर्ध्या मिनिटाने ते चक्र आपोआप थांबले तरी पुढे कित्येक दिवस भिंतीला हात न लावता दहा पावले चालण्याचा धीर मला होईना. ज्या डॉक्टरांकडे मी गेलो, त्यांनी एकही गोळी न देता मला टेबलावर आडवे केले, माझे मस्तक दोन्ही हातांत धरून ठरावीक क्रमाने फिरवले, प्रत्येक अवस्थेत थोडा वेळ स्थिर धरले आणि उठवून बसवताना ते एवढेच म्हणाले, "खडे जागेवर गेले." आपल्या कानाच्या आत खडे असतात, आणि ते जागचे हलले की सारे जग जागचे हलते, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले.

भिंत धरून चालण्याच्या त्या दिवसांत मला वारंवार एका बाईची मान आठवत असे. दोन हिवाळ्यांपूर्वी राजगडावरून पाली दरवाजाच्या वाटेने उतरताना, डोक्यावर हंडा घेऊन वर येणाऱ्या एका प्रौढ बाईंना मी बाजूला सरून वाट दिली होती. त्यांचा चेहरा माझ्या लक्षात राहिला नव्हता. पायऱ्या उंचसखल, पावले कधी लांब तर कधी आखूड, कंबर डावीउजवीकडे झुकणारी, आणि या साऱ्या हालचालीच्या माथ्यावर ती मान मात्र अशी निश्चल, की जणू देहाच्या खालच्या अर्ध्याला चालण्याचा हुकूम होता आणि वरच्या अर्ध्याला थांबण्याचा. तेव्हा ते दृश्य पाहून मी पुढे गेलो. स्वतःची मान भरवशाची राहिली नाही, तेव्हा मात्र त्या मानेमागे काय विद्या असेल, हा विचार मला सोडीना. आणि माघ महिन्यातल्या एका शनिवारी मी गडाच्या पायथ्याच्या पाली गावाला जायला निघालो.

वेल्हे तालुक्याचे नाव शासनदप्तरी आता राजगड झाले आहे, पण वाटेवर विचारले तर लोक अजून वेल्हेच म्हणतात. पुण्याहून खानापूर आणि रांजणे मागे टाकले की पाबे घाट लागतो. मी वडापच्या जीपमध्ये बसलो होतो, आणि मागच्या आडव्या बाकावर एक शाळकरी मुलगा आईच्या कुशीत डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून बसला होता. चौथ्या वळणाला तो पांढराफटक पडला. चालकाने गाडी बाजूला घेतली, मुलाला खाली उतरू दिले, मग त्याला पुढे आपल्याशेजारी बसवून सांगितले, "डोळं उघडं ठेव आन् रस्त्याकडं बघ. वळण कुठं हाय ते तू मला सांगायचं." पुढचा सारा घाट तो मुलगा "डावीकडं, उजवीकडं" असे ओरडत, टवटवीत चेहऱ्याने उतरला. चालक मला म्हणाला, "चालवनाऱ्याला कधी गाडी लागत न्हाय साहेब."

या वाक्यात जेवढे शास्त्र आहे तेवढे मला पुढे पुस्तकांत शोधावे लागले. मागच्या बाकावर डोळे मिटलेल्या मुलाचा कान त्याला सांगत होता की तू वळतो आहेस, झुकतो आहेस, उचलला जातो आहेस. त्याची त्वचा आणि स्नायू सांगत होते की तू बाकावर बसून आहेस. आणि पुढच्या क्षणी काय होणार याची वर्दी त्याला कोणीच देत नव्हते. पुढच्या बाकावर तोच कान, तेच वळण. पण आता डोळा आधी पाहत होता आणि कान मागून त्याला दुजोरा देत होता. गाडी लागते ती हालचालीने नव्हे, साक्षी जुळेनाशा झाल्या म्हणजे. ज्यांच्या आंतरकर्णातील हे इंद्रिय जन्मतः किंवा आजाराने पार निकामी झालेले असते, त्यांना खवळलेल्या समुद्रातही बोट लागत नाही. कारण त्यांच्या कचेरीत हा तक्रार नोंदवणारा कारकूनच गैरहजर असतो.

घाटातल्या वळणावर मला एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन पदार्थशास्त्रज्ञाची आठवण होत होती. आगगाडी वळण घेत असताना खिडकीबाहेरची घरे आणि झाडे तिरपी झालेली दिसतात, एवढ्या साध्या निरीक्षणावरून तो या विषयाकडे वळला, आणि १८७५ साली त्याने गतीच्या संवेदनांवर एक पुस्तकच लिहिले. योसेफ ब्रॉयर आणि अलेक्झांडर क्रम ब्राउन हे दोघेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. निष्कर्ष असा की मनुष्याला वेग कळत नाही, कळतो तो वेगातील बदल. एकसारख्या गतीने धावणाऱ्या गाडीत डोळे मिटून बसलेल्या माणसाला आपण ताशी तीस मैलांनी चाललो आहोत की साठ, हे त्याचा कान कधीही सांगू शकणार नाही. गाडी निघाली, थांबली, वळली, तरच तो सांगेल. पृथ्वी आपल्याला घेऊन एवढ्या वेगाने फिरते आणि आपण शांत झोपतो, याचे कारणही हेच.

पालीत संध्याकाळी पोहोचलो. ज्यांच्याकडे मुक्कामाची सोय होती, त्याच मावशी उद्या ताक घेऊन गडावर जाणार होत्या. ही त्याच दोन हिवाळ्यांपूर्वीची मान की दुसरी, ते मला सांगता आले नाही, आणि त्यांनाही माझ्यासारखे वाट देणारे शेकडो भेटलेले. विरजण, घुसळण, लोणी काढणे, मीठ, वाटलेले जिरे ही सारी कामे रात्रीपर्यंत उरकली, आणि घरभर ताकाचा आंबूस, ओलसर वास पसरला, जो पुढे दिवसभर माझ्या कपड्यांना होता आणि आजही ताकाचा पेला समोर आला की मला अंधारातल्या त्या पायऱ्यांवर नेऊन सोडतो. मी विचारले, "मावशी, हंड्यात किती बसतं?" त्या म्हणाल्या, "बारा लिटर." मग जरा थांबून, जणू एवढ्याने मला ओझ्याची कल्पना यायची नाही म्हणून, पुन्हा म्हणाल्या, "बारा लिटर ताक. हंडा निराळा."

पहाटे चारला त्यांनी हंड्यात ताक ओतले, त्यावर पळसाचे एक रुंद पान अलगद सोडले आणि तोंडाला फडके बांधले. पान कशाला, असे विचारल्यावर उत्तर आले, "त्यानं ताक शांत ऱ्हातं. न्हायतर चालाय लागलं की त्ये बी चालाय लागतं." मग जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ पिळून डोक्यावर ठेवली, सुनेने एका बाजूने हात लावला, आणि हंडा जागेवर बसला. बसल्यावर त्या एक क्षण मुळीच हलल्या नाहीत. बंदा रुपया परत वाजवून पाहावा तसे त्यांनी ते ओझे आपल्या मानेवर एकदा पारखून घेतले आणि मग पहिले पाऊल टाकले.

चंद्र मावळला होता. गावाबाहेर पडून वाट झाडीत शिरली, तसा मी खिशातून बॅटरी काढून त्यांच्या पायांपुढे उजेड धरला. मला वाटले, मी उपकार करतो आहे. दहा-बारा पावले त्या चालल्या, मग थांबल्या आणि मान न वळवता, समोर पाहतच म्हणाल्या, "बॅटरी बंद करा दादा. तिच्या उजेडात पायरी हालती."

मी बॅटरी बंद केली. तो सारा दिवस, आणि त्यानंतर आजपर्यंत, मी त्या एका वाक्याभोवती फिरतो आहे.

माझा हात चालताना हलत होता, म्हणून उजेड हलत होता, म्हणून प्रत्येक दगडाची सावली पुढेमागे सरकत होती. आणि डोळा, जो इतर सर्व इंद्रियांपेक्षा स्वतःला शहाणा समजतो, तो त्या सावलीवरून खुशाल ग्वाही देत होता की पायरी सरकली. ज्याच्या डोक्यावर काही नाही तो अशी खोटी ग्वाही सहज पचवतो. ज्याच्या डोक्यावर बारा लिटर आहेत, त्याला प्रत्येक साक्ष तोलून घ्यावी लागते, आणि साक्षीदार खोटा आहे असे ठरले तर त्याला न्यायासनासमोरून हाकलून द्यावे लागते. मावशींनी डोळ्याला हाकलले होते.

ज्या किल्ल्याच्या वाटेवर आम्ही होतो, त्या किल्ल्याच्या कारभाराचीच उपमा मला येथे सुचते. शिवाजीमहाराजांनी गडागडांवर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अंमलदार नेमले, ते या हेतूने की गड कोणा एकाच्या मुठीत राहू नये. तिघांच्या संमतीने कारभार चालावा आणि एकाने दगा दिला तर उरलेल्या दोघांनी तो सावरावा. आपल्या देहाच्या तोलाचा गडही असाच तिघांच्या हवाली केलेला आहे: डोळा, आंतरकर्ण, आणि तळपायांपासून मानेपर्यंत पसरलेली स्नायूंची व सांध्यांची जाण. बॅटरीच्या उजेडात पहिला अंमलदार फितूर झाला होता. उरलेल्या दोघांवर मावशी गड चढत होत्या.

त्यातला मधला अंमलदार, आंतरकर्ण, हा तिघांत सर्वांत गुप्त. कानाच्या मागे, मस्तकातील सर्वांत कठीण हाडाच्या पोकळीत, परस्परांशी जवळजवळ काटकोन करून बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. त्यांच्या वळणाची त्रिज्या तीन मिलिमीटरच्या आसपास आणि आतल्या द्रवाची वाट तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी अरुंद. मस्तक वळले की हाड वळते, नलिका वळते, पण आतला द्रव जडत्वाने मागे राहतो आणि वाटेत आडव्या उभ्या असलेल्या लिबलिबीत पडद्याला रेटतो; पडद्यात रोवलेल्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंना तो रेटा कळतो, आणि मेंदूला वर्दी जाते. फिरणे एकसारखे चालू राहिले तर काही सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, पडदा सरळ होतो, आणि फिरणाऱ्याला वाटते आपण थांबलो. मग तो खरोखर थांबला की द्रव धावतच राहतो आणि जग उलट दिशेने फिरू लागते. अंगणात गरगर फिरून धपकन बसणाऱ्या प्रत्येक मुलाने हा प्रयोग केलेला आहे.

नलिकांच्या मुळाशी दोन पिशव्या असतात, आणि तेथे ते खडे. चुन्याच्या दगडाचे, डोळ्याला न दिसणारे, पाण्याच्या पावणेतीन पट जड असे हजारो कण एका चिकट थरावर पसरलेले असतात. आपण पुढे निघालो की ते मागे रेंगाळतात, लिफ्टमध्ये वर उचललो गेलो की ते खाली दबतात, आणि मान कलली की उतारावरच्या खडीसारखे कलाच्या बाजूला ओढले जातात. पुढे वेग घेणे आणि मागे कलणे यांत त्या खड्यांना फरक करता येत नाही. तो फरक नलिकांच्या, डोळ्याच्या आणि स्नायूंच्या साक्षीशी ताडून मेंदूला करावा लागतो. माझे जे खडे निसटले होते, ते पिशवीतून नलिकेत घरंगळले होते, आणि जी नलिका केवळ वळणाची खबर द्यायची, ती पडल्या पडल्या खोटी खबर देत सुटली होती.

हे मी पुढे समजून घेतले. त्या पहाटे मला एवढेच जाणवत होते की माझ्यापुढे तीन हातांवर, अंधारात, एक हंडा चालला आहे. हंड्यातही द्रवच होता. मावशी निघाल्या तेव्हा तोही मागे रेंगाळला असणार, त्या वळल्या तेव्हा त्यानेही वळायला नकार दिला असणार, आणि पळसाच्या पानाने त्याचा खळखळाट आपल्या रुंदीने दाबून धरला असणार. ज्या मस्तकावर ही बारा लिटरांची घागर होती, त्याच मस्तकाच्या आत, दोन्ही बाजूंना, काही थेंबांच्या दोन घागरी होत्या. आणि बाहेरची घागर सांडू नये म्हणून आतल्या घागरी क्षणोक्षणी सांडण्याची खबर देत होत्या. जडत्वाचा नियम दोन्हीकडे एकच.

पायऱ्या सुरू झाल्या. दगड झिजलेले, काही ठिकाणी निखळलेले. मी हाताने चाचपत, कधी वाकून, चढत होतो. मावशींचे पाऊल मात्र दगडावर आधी टेकायचे, क्षणभर विचारायचे, आणि उत्तर मिळाल्यावरच त्यावर भार यायचा. त्या अनवाणी होत्या. मी विचारले, "तुम्हाला कळतं कसं, हंडा कुठं झुकतोय ते?" त्या म्हणाल्या, "मान सांगती." मानेच्या, विशेषतः मानेच्या वरच्या टोकाशी कवटीखाली असलेल्या लहान लहान स्नायूंत ताण मोजणारे सूक्ष्म अवयव शरीरातील बहुतेक स्नायूंपेक्षा कितीतरी दाट असतात, हे शरीररचनाशास्त्र सांगते. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली स्नायू-सांध्यांच्या या आत्मज्ञानाला स्वतंत्र नाव दिले. मावशींनी दोन शब्दांत सांगितले ते हेच.

कान म्हणजे ऐकण्याचे इंद्रिय, या समजुतीला पहिला धक्का १८२४ साली पॅरिसमध्ये बसला, जेव्हा प्येर फ्लूरांस याने कबुतरांच्या कानातील एकेक नलिका छेदली आणि त्या नलिकेच्या प्रतलात पक्ष्याचे डोके वेड्यासारखे डोलू लागले. पुढे १८८२ साली विल्यम जेम्स याने ५१९ मूकबधिरांना गरगर फिरवून विचारले असता त्यांतील १८६ जणांना मुळीच घेरी येत नाही असे आढळले. हार्वर्डच्या सुमारे दोनशे विद्यार्थी-शिक्षकांत असा एकच निघाला. कानाच्या ज्या व्याधीने ऐकणे हिरावले होते, तिने त्याच हाडात शेजारी राहणारे हे मुके इंद्रियही नेले होते. ज्यांचे हे इंद्रिय नष्ट झाले आहे असे लोक उजेडात, सपाट जमिनीवर, बरे चालतात; पण अंधारात, उंचसखल वाटेवर, त्यांचा तोल जातो. म्हणजे पालीच्या या वाटेवर, या वेळी, त्यांना चढता आले नसते. मी सहा महिन्यांपूर्वी चढू शकलो नसतो.

या संशोधनाच्या इतिहासातील एक प्रसंग मला फार हृद्य वाटतो. व्हिएन्नात रोबेर्ट बारानी हा तरुण डॉक्टर रोग्यांचे कान पाण्याने धूत असे, आणि पाणी थंड असले तर रोग्याचे डोळे एका दिशेने झटके देत, गरम असले तर दुसऱ्या. रोग्यांच्या तक्रारी त्याने झिडकारल्या नाहीत, ऐकून घेतल्या, आणि त्यांतून हे आतले इंद्रिय तपासण्याची रीत काढली. त्यासाठी १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले, ती वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तो पहिल्या महायुद्धातला कैदी म्हणून रशियाच्या छावणीत होता. देहाच्या तोलाचा शोध घेणाऱ्याच्या आयुष्याचा तोल असा गेला होता; आणि त्याच्या शोधाचे मूळ, कोणा अनामिक रोग्याने "पाणी फार गार आहे, मला भोवळ येते" असे म्हणण्यात होते.

तांबडे फुटले तेव्हा आम्ही पाली दरवाजाखाली होतो. पहिला दरवाजा उंच आणि रुंद, अंबारीसह हत्ती जाईल एवढा. तेथून वर बुरुजांनी वेढलेला दुसरा, आणि मग पद्मावती माची. शेवटच्या चढणीवर एक माकड तटावरून झेपावले आणि मी दचकून वर पाहिले. मावशींनी पाहिले नाही. त्यांचे डोळे तेवढे वळले, मान वळली नाही. मस्तक एका बाजूला हलले तर डोळे तेवढेच दुसऱ्या बाजूला वळवून दृश्य स्थिर ठेवण्याची व्यवस्था आपल्या सर्वांत असते, आणि कानाकडून डोळ्याकडे जाणारी ती वर्दी सेकंदाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यात पोहोचते. पाहून विचार करायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी. मावशींनी तीच व्यवस्था उलटी वळवून घेतली होती: मस्तकाला रजा नाही, डोळ्यांनी एकट्याने फिरून यावे.

माचीवर देवळाजवळच्या एका दगडावर त्यांनी हंडा उतरवला. मी हात लावला, आणि तेवढ्या दोन क्षणांत माझ्या मनगटांना जे कळले ते पुस्तकात वाचून कळले नसते. फडके सोडले. पळसाचे पान तसेच तरंगत होते, आणि त्याची वरची बाजू कोरडी होती.

सकाळी माणसे येऊ लागली. एकाने पेला तोंडाला लावून म्हटले, "यात पाणीच जास्त आहे." मावशी काही बोलल्या नाहीत. पाणी असेलही, ताकात पाणी असतेच. पण ते पाणीसुद्धा त्यांनी पालीहून, अंधारातून, मानेवर आणले होते. बारा लिटर म्हणजे साधारण साठ पेले. अर्धा हंडा संपल्यावर मी विचारले, आता संजीवनी माचीकडे माणसे बरीच गेली आहेत, तिकडे जाऊन बसावे का. त्या म्हणाल्या, "अर्धा हंडा पुऱ्या हंड्याहून जड. त्यो डोक्यावर ऱ्हात न्हाय, नाचतो." पूर्ण भरलेल्या भांड्यात द्रवाला हलायला जागा नसते, अर्ध्या भांड्यात तो कडेवरून कडेवर आदळतो आणि प्रत्येक आदळणी मानेला निराळ्या दिशेने ओढते. जहाजबांधणीचे तज्ज्ञ हेच अर्धवट भरलेल्या टाक्यांविषयी सांगतात. म्हणून त्या हंडा संपेपर्यंत एकाच जागी बसतात.

दुपारी, ऊन चढल्यावर, त्यांनी आपली विद्या कशी आली ते सांगितले. आठव्या वर्षी रिकामी घागर, मग तळाशी पाणी, मग काठोकाठ; अर्धी कधीच नाही. सांडली तर मार नव्हता, फक्त पुन्हा नदीवर जायचे. मेंदूच्या मागल्या बाजूस असलेला लहान मेंदू चुकांच्या अशा परतफेडीतूनच शिकतो, आणि एकदा शिकल्यावर त्याला शब्द लागत नाहीत. पण त्याच ओघात, मी न विचारता, त्यांनी दुसरेही सांगितले. रात्री कुशीवर झोपता येत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात. "सुनंला म्या हंडा देत न्हाय. तिनं खालीच दुकान लावावं."

पूर्व आफ्रिकेत डोक्यावर ओझे वाहणाऱ्या लुओ आणि किकुयू स्त्रियांची चाल शास्त्रज्ञांनी तपासली, आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचे ओझे त्या सपाटीवर जादा श्रमाशिवाय वाहतात. त्यांच्या चालीतच अशी काटकसर मुरलेली असते. हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग मी हिशेब केला. मावशींचे वजन पंचेचाळीस किलो धरले तर पाचवा हिस्सा नऊ किलो. बारा लिटर ताक आणि हंडा मिळून चौदा. आणि ही वाट सपाट नाही. चढणीवर गुरुत्वाकर्षण कोणाच्याही कौशल्याला सूट देत नाही, तो सारा वसूल पै न पै द्यावा लागतो. काटकसर त्यांची होती. देणेही त्यांचेच होते.

आपल्या परंपरेने पाच ज्ञानेंद्रिये मोजली: डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा. तोल सांभाळणारे इंद्रिय त्या यादीत नाही, कारण ते आपल्याला काही दाखवत नाही, ऐकवत नाही. ते फक्त बाकीच्या पाचांना उभे राहायला जमीन देते, आणि निकामी झाल्याशिवाय त्याची आठवण कोणाला होत नाही. गडावर येणाऱ्या माणसाच्या हिशेबात ताकाच्या पेल्याची किंमत असते, गडाच्या इतिहासाच्या सनावळ्या असतात. ते ताक तेथे आले कसे, याचा रकाना त्याच्या वहीत नसतो. मावशींच्या कामाला लोक हमाली म्हणतात. मी त्याला हमाली म्हणणार नाही. ज्या विद्येने अंधारात डोळ्याची खोटी साक्ष ओळखून फेटाळली, ती कोणत्या पाठशाळेत शिकवतात, हे मला दाखवून द्यावे. आणि तरीही, ती विद्या त्या आपल्या सुनेला देऊ इच्छीत नाहीत, हा त्यांचा निर्णयही तितक्याच ज्ञानी माणसाचा आहे, असे मला वाटते.

चार वाजता आम्ही उतरू लागलो. रिकामा हंडा त्यांनी कडेवर घेतला होता, लहान मूल घ्यावे तसा. दुसरा दरवाजा ओलांडताना त्या थांबल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मी त्यांना मान वळवताना पाहिले: आधी डावीकडे तोरण्याकडे, मग उजवीकडे, मग सावकाश वर, जेथे तटाच्या भेगेत एक पिंपळ उगवला होता. "मोठा झाला," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी पाहिला, असे मी विचारले. चढताना तो दिसत नाही, आणि उतरताना बहुतेक घाई असते, असे त्यांनी सांगितले.

घरी पोहोचल्यावर त्यांनी चुंबळ सोडली आणि उद्यासाठी वाळत घातली. पीळ सुटून लुगड्याची पट्टी दोरीवर लांब झाली, वाऱ्याने हलू लागली. पण मध्यभागी, जेथे हंड्याचे बूड बसत असे, तेथे कापडाला आलेला खळगा काही केल्या सपाट होईना. मी तो हाताने ताणून पाहिला. सुटल्यावर तो पुन्हा तसाच झाला.